अरबी समुद्राच्या पोटातली उष्णता

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी रत्नागिरीत बसरा स्टार नावाचं जहाज भरकटत मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन लागलं आणि पुढं काही वर्षं तिथंच अडकून राहिलं. आरे-वारेकडे निघालेले पर्यटक वाट वाकडी करून ते पाहायला जात. २००९ सालचं फयान, २०१७चं ओखी, २०१९चं क्यार, मग निसर्ग, त्यानंतर २०२१चं तौक्ते, ही नावं आता कोकणातल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. समुद्र तापतोय म्हणजे वादळं वाढणार, एवढं गणित सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. ते चुकीचं नाही, पण फार अपुरं आहे. वादळ वर्षातून चार दिवस येतं. समुद्रात उष्णता मुरण्याचं काम मात्र वर्षाचे सगळे दिवस, रात्रंदिवस चालू असतं. मासळी, पाऊस, किनाऱ्याची झीज, कासवांची घरटी या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. या कामाबद्दल आज काय कळलं आहे, कुठं वाद आहे आणि रत्नागिरीच्या पाण्यापुरतं काय कळायचं राहिलं आहे, हे एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न.

आधी हिशेब. कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळं पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकते, ती जाते कुठं? हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालानं १९७१ ते २०१८ या काळाचा ताळेबंद मांडला आहे. अडकलेल्या उष्णतेपैकी ९१ टक्के समुद्रात गेली. जमिनीनं ५ टक्के घेतली, बर्फ वितळण्यात ३ टक्के खर्ची पडली, आणि ज्या हवेच्या तापमानाची आपण रोज चर्चा करतो तिच्या वाट्याला फक्त १ टक्का आला. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद एवढी मोठी आहे की सगळ्या वातावरणाला एक अंश तापवायला लागणारी उष्णता समुद्राचं वरचं तीन-चार मीटर पाणीच रिचवू शकतं. समुद्राची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरहून अधिक आहे. उन्हाळा किती कडक गेला, यावरून जग किती तापलं हे ठरवायला गेलो तर आपण त्या एका टक्क्याकडं बघत बसतो.

ही मोजणी साधी नाही. अरबी समुद्राच्या पोटात काय आहे याची पहिली मोठी पाहणी झाली ती आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत, १९६०च्या आसपास. अनेक देशांची जहाजं आली होती. भारतीय नौदलाची आयएनएस किस्तना त्यांत होती. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावलाला असलेली ही संस्था कोकण किनाऱ्याच्या सगळ्यांत जवळची. तरीही पुढची कित्येक वर्षं तापमान मोजायचं तर जहाज न्यावं लागे, आणि पावसाळ्यात खवळलेल्या अरबी समुद्रात जहाजं फारशी जात नसत. मोजमाप सुधारलं ते आर्गो तरंगकांमुळं. माणसाच्या उंचीची ही नळकांडी एक हजार मीटर खोलीवर वाहत राहतात; साधारण दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात आणि उपग्रहाला आकडे कळवतात. जगभरात अशी सुमारे चार हजार तरंगकं आहेत. भारताच्या बाजूनं हे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था २००२ पासून बघते.

या आकड्यांवरून दरवर्षी समुद्रातल्या उष्णतेची बेरीज होते. २०२४ साली वरच्या दोन हजार मीटर पाण्यात आदल्या वर्षापेक्षा सुमारे १६ झेटाज्यूल उष्णता जास्त आढळली. एक झेटाज्यूल म्हणजे एकावर एकवीस शून्यं इतके ज्यूल. सगळं जग वर्षभरात कारखाने, गाड्या, वीज, चुली मिळून जेवढी ऊर्जा वापरतं, तिच्या पंचवीसपटीहून ही भर अधिक आहे. उपग्रहांवरून येणारा आणि जाणारा प्रकाश मोजणाऱ्या वेगळ्या यंत्रणेनंही याला दुजोरा दिला. २००५ ते २०१९ या काळात पृथ्वीच्या ऊर्जेची आवक आणि जावक यांतली तफावत जवळजवळ दुप्पट झाल्याचं तिच्यात दिसलं. समुद्रातली यंत्रं आणि आकाशातली यंत्रं एकमेकांशी काहीही संबंध नसताना एकाच उत्तराला पोचली, हे मला या सगळ्या क्षेत्रातलं सगळ्यांत भक्कम काम वाटतं. समुद्रात उष्णता साठते आहे आणि साठण्याचा वेग वाढतो आहे, एवढ्यापुरता वाद आता संपला आहे.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण पुढं तिच्याकडं पुन्हा यायचं आहे. आर्गो तरंगकं खोल समुद्रासाठी आहेत. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ती टाकत नाहीत. गाळात रुततील, जाळ्यांत सापडतील. रत्नागिरीसमोर हा उथळ भाग, म्हणजे खंडान्त उतार सुरू होईपर्यंतचा समुद्रतळ, शंभर किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. मिरकरवाडा बंदरातल्या बहुतेक नौका या पट्ट्यातच मासे धरतात. काळबादेवी, आरे, वारे इथली रापण तर किनाऱ्यावरूनच ओढली जाते. जगाच्या समुद्राची उष्णता मोजणारी उत्तम यंत्रणा नेमकी या पाण्यात उतरत नाही.

आता अरबी समुद्राचं वेगळेपण. अटलांटिक आणि प्रशांत महासागरांना उत्तरेकडं ध्रुवापर्यंत वाट आहे. विषुववृत्ताजवळ मिळालेली उष्णता त्यांचे प्रवाह थंड प्रदेशाकडं घेऊन जातात. हिंदी महासागराला उत्तरेला आशिया खंड आडवं आहे. अरबी समुद्र वरून बंद. इथं मिळालेली उष्णता बाहेर काढायची तर ती विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडंच न्यावी लागते, आणि हे काम मुख्यतः मोसमी वारे करतात. त्यातच पूर्वेकडून, इंडोनेशियाच्या बेटांमधून, प्रशांत महासागराचं गरम पाणी आत येतं. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जगाच्या हवेच्या तापमानाची वाढ काही वर्षं मंदावल्यासारखी दिसली, तेव्हा तापमानवाढ थांबली अशी हाकाटी झाली होती. उष्णता थांबली नव्हती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की २००३ ते २०१२ या काळात जगाच्या समुद्रांच्या वरच्या सातशे मीटरांत जी उष्णता वाढली, तिच्यातला ७० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या हिंदी महासागरानं घेतला. प्रशांत महासागराची ऊब इंडोनेशियाच्या बेटांमधून आपल्याकडं सरकली होती.

दुसरं वेगळेपण पावसाळ्याचं. उष्ण कटिबंधातले बहुतेक समुद्र उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत तापत जातात. अरबी समुद्र मात्र एप्रिल-मेमध्ये तीस अंशांच्या आसपास जातो आणि जून-जुलैत चक्क थंड होतो. सोमालियाच्या किनाऱ्यावरून सुटणारा जोरदार मोसमी वारा पाणी ढवळतो, बाष्प उचलतो, खालचं थंड पाणी वर आणतो. म्हणजे मोसमी पाऊस हा आपल्यासाठी पाऊस आहे आणि समुद्रासाठी वर्षातून एकदा अंगातली उष्णता टाकण्याची संधी आहे. या वाऱ्याचा जोर कमी-जास्त झाला तर समुद्राच्या जमाखर्चावर त्याचा परिणाम होणारच. उलट, समुद्र फार तापला तर जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि वाऱ्याचाच जोर उतरू शकतो. कोण कोणाला हलवतो, हा या विषयातला अवघड आणि खरा प्रश्न आहे.

पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं यावर मोठं काम केलं आहे. २०२०च्या राष्ट्रीय मूल्यमापन अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधी हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी १ अंशानं वाढलं. जगाच्या समुद्रांची वाढ त्याच काळात ०.७ अंश होती. याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०२४ साली पुढचा अंदाज मांडला. शतकाच्या हिशेबानं १.७ ते ३.८ अंश वाढ, आणि तिचा सर्वांत मोठा भाग वायव्येकडं, म्हणजे अरबी समुद्रात. समुद्रातली उष्णतेची लाट ही गोष्टही त्यांच्या अभ्यासात आहे: पाणी त्या ऋतूच्या नेहमीच्या तापमानापेक्षा बरंच वर जाऊन अनेक दिवस तिथंच राहतं, ती अवस्था. १९७० ते २००० या काळात असे दिवस वर्षाला वीसच्या आसपास भरत; शतकाअखेर ते २२० ते २५० होतील असं गणित सांगतं. वर्षातले सात-आठ महिने ज्या अवस्थेत जातात तिला लाट कसं म्हणायचं, हा वेगळाच प्रश्न.

तापमानाचे आकडे वाचताना सुलोचना गाडगीळ यांचं काम आठवणं गरजेचं आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनवर काम केलेल्या गाडगीळ २०२५ साली गेल्या. १९८४ साली त्यांनी जोसेफ आणि जोशी यांच्यासोबत नेचरमध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. समुद्राचं पाणी साधारण २८ अंशांच्या खाली असेल तर वर उंच पावसाळी ढगांची रास सहसा बनत नाही, हे त्यात दाखवलं होतं. पण २८च्या वर गेल्यावर पाणी जितकं तापेल तितके ढग वाढतील, असं मात्र होत नाही. तिथून पुढं वारा आणि वातावरणाची स्थिती निर्णय करते. चाळीस वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आज जास्त उपयोगी आहे. पूर्वी अरबी समुद्राचा जो भाग उंबरठ्याच्या खाली राहायचा तो आता अधिक दिवस वर राहतो, म्हणजे ढगांना आणि वादळांना मोकळं मैदान मोठं झालं. पण मैदान मोठं झालं म्हणून खेळ रोज होत नाही. ‘पाणी तापलं म्हणून पाऊस झाला’ असं एका वाक्यात सांगणाऱ्या बातम्यांवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

वादळांबद्दल बोलायचं तर १९८२ ते २०१९ या काळाचा पुण्याच्याच संस्थेचा अभ्यास २०२१ साली आला. २००१ नंतरच्या वर्षांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानानं ५२ टक्क्यांनी आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी वाढल्याचं त्यात आहे. बंगालच्या उपसागरात मात्र संख्या थोडी घटली. टक्के मोठे दिसतात, पण अरबी समुद्रात मुळात वर्षाला एखाद-दुसरंच वादळ होतं. लहान आकड्यांवरचे टक्के झटकन फुगतात, हे विसरू नये. २०१९ साली तर एकाच वर्षात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच वादळं झाली. कारणांबद्दलही एकमत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञांच्या एका गटानं २०११ साली म्हटलं की दक्षिण आशियावरच्या धुराच्या आणि काजळीच्या थरानं मान्सूनपूर्व वाऱ्यांची रचना बदलली, आणि त्यामुळं वादळांना तीव्र व्हायला वाव मिळाला. म्हणजे एकीकडं हरितगृह वायू पाणी तापवतात आणि दुसरीकडं आपल्याच धुराचं आवरण ऊन अडवून समुद्राला थोडं थंडही ठेवतं. उद्या शहरांची हवा स्वच्छ झाली, जी व्हायलाच हवी, तर समुद्रावरची ही सावली कमी होईल आणि तो जास्त वेगानं तापेल. ही अडचण टाळून पुढं जाता येत नाही.

वादळासाठी पृष्ठभागापेक्षा खोली महत्त्वाची ठरते, ही गोष्ट सामान्य चर्चेत येतच नाही. वादळ समुद्र घुसळतं. वरचा गरम थर पातळ असेल तर खालचं थंड पाणी वर येऊन वादळाचा जोर ओसरतो. गरम थर जाड असेल तर घुसळूनही गरमच पाणी वर येतं आणि वादळाला खुराक मिळत राहतो. म्हणून अंदाज करणारे लोक २६ अंशांचं पाणी किती खोलवर आहे हे बघतात. २०२३ सालचं बिपरजॉय जवळजवळ दोन आठवडे अरबी समुद्रात रेंगाळलं. अशी लांबलेली आयुष्यं खालच्या उष्णतेशिवाय शक्य होत नाहीत.

कोकणावर वादळ आदळलंच पाहिजे असं नाही. ते दुरून गेलं तरी नुकसान करतं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी गुजरातकडं जाता जाता विरलं, पण ऐन मोहोराच्या तोंडावर कोकणात पाऊस पाडून गेलं आणि हापूसच्या बागायतदारांची झोप उडाली. केरळ-तमिळनाडूच्या नौका तेव्हा देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. २०१९ मध्ये क्यार आणि महा हे हंगामाच्या ऐन भरात आले, बोटी बंदरातच राहिल्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीत त्या वर्षी महाराष्ट्राची मासळी २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतला हा नीचांक होता.

पावसाबद्दल दोन निष्कर्ष शेजारी ठेवले तर आधी विसंगत वाटतात. कोल यांच्याच गटानं २०१५ साली दाखवलं की हिंदी महासागर तापल्यामुळं मध्य भारतावरचा एकूण मोसमी पाऊस कमी होत गेला. २०१७ साली दाखवलं की त्याच मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, आणि त्यांचं बाष्प मुख्यतः अरबी समुद्रातून येतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वारा सरासरीनं मंदावतो, पण अधूनमधून उसळी घेतो, आणि गरम समुद्रावरून आलेल्या त्या उसळीत बाष्प जास्त असतं. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं त्यामागं वाशिष्ठीतला गाळ, भरती, धरणाचं पाणी आणि पूररेषेतलं बांधकाम हेही होतं. समुद्रानं पाणी पाठवलं म्हणून नदीपात्राची जबाबदारी संपत नाही.

समुद्रात माशाचं अन्न वाढलं की घटलं, यावरचा वाद या सगळ्या विषयात मला सर्वाधिक शिकवणारा वाटतो. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेले जोआकिम गोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली सायन्समध्ये लिहिलं की हिमालय आणि आशियातलं बर्फ घटल्यानं जमीन जास्त तापते, मोसमी वारा जोर धरतो, समुद्र जास्त ढवळला जातो आणि पश्चिम अरबी समुद्रात वनस्पतीप्लवक वाढतंय. अकरा वर्षांनी, २०१६ साली, पुण्याच्या गटानं साठ वर्षांचा कालखंड घेऊन पश्चिम हिंदी महासागरात प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं मांडलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की वरचं गरम, हलकं पाणी दुधावरच्या सायीसारखं पसरून राहतं. खालची पोषक द्रव्यं वर येत नाहीत. पहिला अभ्यास उपग्रहाच्या सात वर्षांवर उभा होता, दुसरा लांब काळावर आणि प्रतिमानांवर. मला दुसरा अधिक पटतो, कारण सात वर्षांचा चढ हा चढ आहे की लाट आहे हे ओळखता येत नाही. पण पश्चिम अरबी समुद्राचा निष्कर्ष उचलून रत्नागिरीला लावणं घाईचं होईल. आपल्या बाजूचं पाणी वर येतं ते वेगळ्या प्रवाहानं आणि वेगळ्या प्रमाणात.

हिवाळ्यात अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवाचं पेव फुटतं. रात्री लाटा निळ्या उजेडानं चमकतात आणि त्याचे व्हिडिओ कोकणभर फिरतात. गोज आणि हेल्गा गोम्स यांच्या गटानं २०१४ साली या वाढीचा संबंध पाण्यातल्या कमी ऑक्सिजनशी जोडला. मासे नॉक्टिल्युकाला फारसे खात नाहीत. जेलीफिश आणि त्यांच्यासारखे जीव मात्र त्याला खातात. चमकणारं पाणी पाहून आनंद वाटतो. पण ज्या पाण्यात अन्नसाखळी माशाकडं न जाता जेलीफिशकडं वळते, त्या पाण्यावर खारवी आणि दालदी या मच्छीमार समाजांची घरं चालायची आहेत.

ऑक्सिजनचा मुद्दा आपल्या किनाऱ्यासाठी सगळ्यांत मोठा आहे असं माझं मत आहे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि थर घट्ट बसले की खाली पोचतही नाही. अरबी समुद्रात दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या पुढपर्यंत जवळजवळ ऑक्सिजनशून्य पाण्याचा जाड पट्टा निसर्गतःच आहे. पावसाळ्यात किनाऱ्यालगत वरचा प्रवाह दक्षिणेकडं वाहतो, खालून उलटा प्रवाह उत्तरेकडं येतो. सतीश शेट्ये आणि त्यांच्या गोव्यातल्या सहकाऱ्यांनी १९८७च्या पावसाळ्यात समुद्रात जाऊन हे मोजलं आणि १९९० साली प्रसिद्ध केलं. या खालच्या प्रवाहातून कमी ऑक्सिजनचं पाणी उथळ तळावर चढतं. वरून पावसाच्या गोड्या पाण्याचा थर बसतो आणि हवा खाली जात नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत पश्चिम किनाऱ्याच्या तळाचं पाणी माशांना घुसमटवणारं होतं. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली नेचरमध्ये याकडं जगाचं लक्ष वेधलं. महाराष्ट्रातला पावसाळी मासेमारीचा बंदीकाळ ३१ जुलैला संपतो. नारळी पौर्णिमेला सोनेरी नारळ देऊन नौका पाण्यात जातात तेव्हा तळाचं पाणी वर्षातल्या सगळ्यांत वाईट अवस्थेकडं सरकत असतं.

ही अवस्था दरवर्षी सारखी नसते. हिंदी महासागरी द्विध्रुव, म्हणजे या महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला खाली-वर होणारा फरक, धन अवस्थेत असला की पश्चिम किनाऱ्यावर हे घुसमटलेलं पाणी कमी चढतं, असं २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसलं. हे कळू शकलं ते गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून चालू असलेल्या नोंदींमुळं. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं जाऊन पाणी काढणं, मोजणं, लिहून ठेवणं. या कामात प्रसिद्धी नाही, पण त्याच्याशिवाय या किनाऱ्याबद्दल बोलायला कुणाकडं काही राहिलं नसतं.

मासळीकडं येऊ. तारली पूर्वी मलबारची मासळी मानली जायची. १९८५च्या आधी तिचं जवळजवळ सगळं उत्पादन १४ अंश अक्षांशाच्या दक्षिणेला होतं. रत्नागिरी १७ अंशांवर आहे. नंतर तारली उत्तरेकडं आणि पूर्व किनाऱ्यावरही वाढली. केरळात मात्र २०१२ साली चार लाख टनांच्या जवळ गेलेली तारली २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आली. बांगडा वरच्या थरातला मासा; तो खोल पाण्यात, ट्रॉलच्या जाळ्यात अधिक सापडू लागल्याचं सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं नोंदवलं आहे. ही चिन्हं तापत्या पाण्याशी जुळतात.

पण इथं मला स्पष्ट बोलायचं आहे. मासळी घटली की ‘हवामानबदल’ म्हणून हात झटकण्याची सवय आता सगळ्यांना लागली आहे. रत्नागिरीत पर्ससीन या मोठ्या वेढ्याच्या जाळ्यानं मासे धरणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांचा संघर्ष जुना आहे. सोमवंशी समितीनं अभ्यास करून मर्यादा सुचवल्या, ५ फेब्रुवारी २०१६ला राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी लहान मासळी, अंड्यांवर आलेली मासळी उचलली जाते. तापलेल्या, ऑक्सिजन कमी झालेल्या पाण्यात मासा अंग चोरून एका पट्ट्यात गोळा होतो आणि तिथं मोठं जाळं पडलं तर एकाच फेरीत सगळा थवा जातो. आकडा काही दिवस चांगला दिसतो. उष्णता आणि जाळं ही दोन कारणं वेगळी मोजली नाहीत तर दोन्हींवर उपाय होणार नाही. उष्णतेवर रत्नागिरीतून कुणाला काही करता येणार नाही, जाळ्यावर येतं.

कासवं आणि प्रवाळ यांच्याबद्दल थोडक्यात. ऑलिव्ह रिडले कासवं वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडीपर्यंत अंडी घालतात. २०२२ साली वेळासच्या ‘प्रथमा’ला आणि २०२३ मध्ये गुहागरच्या ‘बागेश्री’ला उपग्रह यंत्र बसवलं आणि बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. वाळू तीस अंशांच्या वर गेली की पिल्लं बहुतेक माद्या होतात, आणखी तापली तर अंडीच मरतात. मालवणच्या प्रवाळांवर गेल्या दशकात पांढरेपणाचे डाग नोंदले गेले आहेत, आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांनी समुद्री उष्णतेच्या लाटेत मोठी हानी सोसली.

किनाऱ्यावर उभं राहून उष्णता डोळ्यांना दिसते ती एकाच रूपात, वाढत्या पातळीच्या. पाणी तापलं की फुगतं. १९७१ ते २०१८ या काळातल्या जागतिक पातळीवाढीचा निम्मा वाटा या फुगण्याचा होता. उरलेला बर्फाचा वगैरे. मिऱ्याचा बंधारा उधाणाला पुन्हा पुन्हा फुटतो, पुन्हा दगड टाकले जातात. बंधारा झाला की वाळूची ये-जा बदलते आणि झीज शेजारच्या पुळणीकडं सरकते. आरे-वारेच्या सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडतील तेव्हा तिथंही दगड टाकायची मागणी होईल. त्या वेळी कारण समुद्राची पातळी आहे की शेजारचा बंधारा, हे ठरवायला जुन्या मोजण्या हाताशी लागतील.

उत्सर्जन उद्या थांबलं तरी हवेचं तापमान थोड्या वर्षांत स्थिरावेल, पण खोल पाण्यात उष्णता उतरत राहील आणि पातळी शतकानुशतकं वाढत राहील, हे आंतरशासकीय मंडळानं स्पष्ट लिहिलं आहे. किती वाढेल हे मात्र अजून आपल्या हातात आहे, आणि कमी उत्सर्जनाच्या व जास्त उत्सर्जनाच्या वाटांमधला फरक फार मोठा आहे. म्हणून आता काही उपयोग नाही, हे म्हणणं मला पटत नाही.

राहतो तो जवळच्या पाण्याचा प्रश्न. उपग्रह पृष्ठभागाचा वरवरचा थर बघतो, पावसाळ्यात ढग त्याचे डोळे झाकतात, आणि ढगाआडून बघणारी यंत्रं जमिनीच्या फार जवळचं पाणी नीट वाचू शकत नाहीत. इन्कॉइस मच्छीमारांना मराठीत मासळीच्या जागांचा जो सल्ला पाठवते तो याच पृष्ठभागाच्या तापमानावर आणि रंगावर बेतलेला असतो. रत्नागिरीसमोर लाटा मोजणारे बोये टाकले गेले आहेत, पण तळाचं तापमान आणि ऑक्सिजन हे त्यांचं काम नाही. खोल समुद्रातल्या बोयांना तर नौका बांधल्या जातात, तारा तुटतात. बोयाखाली मासळी जमते हे मच्छीमाराला माहीत असतं.

रत्नागिरीहून आरे-वारेला जाणारा रस्ता शिरगाववरून जातो, आणि शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. शहरात सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. मिरकरवाड्यातून हंगामात रोज शेकडो नौका दहा, वीस, चाळीस वाव पाण्यात जाळी सोडतात. जाळ्याच्या दोरीला बांधता येणारी तापमान आणि ऑक्सिजन मोजणारी लहान यंत्रं आज मिळतात. इतर देशांत मच्छीमारांच्या जाळ्यांवरून अशी मोजणी चालू आहे. काही तांडेलांच्या नौकांवर ती बसवून, नोंदी महाविद्यालयात उतरवून घेऊन, त्या सगळ्यांना खुल्या ठेवणं हे कांदोळीच्या धर्तीवरचं काम रत्नागिरीला करता येण्यासारखं आहे. तांडेलाला त्यातून लगेच काही मिळायला हवं: कुठल्या वावात तळाचं पाणी मेलेलं आहे, हे त्याला त्याच संध्याकाळी कळलं तर डिझेल वाचतं. पाच वर्षांत ऑगस्ट-ऑक्टोबरच्या घुसमटलेल्या पाण्याचा नकाशा तयार होईल, आणि पंधरा वर्षांत तारली उष्णतेनं हलली की जाळ्यानं, या वादात दोन्ही बाजूंना टेबलावर ठेवायला रत्नागिरीचेच आकडे असतील.